आयरीन मिरांडाचा तरुणांचा ग्रुप

आयरीन मिरांडाला हळू बोलता येत नाही. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या मशीनशेजारी उभं राहून तिने सगळी नोकरी काढली, शेवटी सुपरवायझर झाली, रिटायर झाली. मशीन मागे राहिली, आवाज तिच्याबरोबर घरी आला. आमची शाळा चर्चच्याच आवारात. शनिवारी ती कन्फेशनला यायची तेव्हा खिडकीजवळच्या बाकांवरच्या मुलांना तिची पापं ऐकू यायची. मी लगेच सगळ्या वर्गाला मोठ्याने कविता म्हणायला लावायचे. तशी पापं किरकोळच असत. जावेचा राग आला, उपासाच्या शुक्रवारी विसरून कलेजीचा तुकडा तोंडात टाकला, अशी.

मी चर्चची नव्हे, पण त्या शाळेत उभं आयुष्य मराठी शिकवलं आणि राहते आयरीनच्या शेजारच्या गल्लीत, चर्चपासून रिक्षाच्या अंतरावर. आमचं हे गावठाण ठाण्यात इतकं आत आहे की नवे रिक्षावाले विचारत येतात. पोर्तुगीजांच्या काळात बाप्तिस्मा झालेली शेतकऱ्यांची घरं, मधोमध क्रूस, आणि भोवती आता टॉवर. टॉवरमधली माणसं आमच्याकडे वरून बघतात. आयरीन खालून त्यांना ओरडून सांगते की गॅलरीतून पाणी टाकू नका. तेही ऐकतात.

तिचा मुलगा ॲड्रियन माझा विद्यार्थी. बुद्धीने चांगला, बोलायला बेताचा. निबंधाचा शेवट तो कधी लिहीत नसे. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, शेवट लिहिला की सगळं खोटं वाटतं टीचर. मी मार्क कापले, पण मनातून पटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न ठरलं. मुलगी डोंबिवलीची, नोकरी करणारी, हसरी. या लोकांत लग्न ठरलं की सलग तीन रविवार मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, संपताना फादर दोघांची नावं वाचून दाखवतात. कुणाला या लग्नात अडचण माहीत असेल तर त्याने येऊन सांगावं, म्हणून. याला बॅन्स म्हणतात. अडचण कधीच कुणी सांगत नाही. बायका मात्र तेवढ्यात मुलाच्या आईच्या कपड्यांकडे बघून घेतात. ॲड्रियनचं नाव पहिल्या रविवारी वाचलं, दुसऱ्या रविवारी वाचलं. तिसऱ्या रविवारी फादरांनी एकदम पॅरिशच्या, म्हणजे या चर्चच्या सगळ्या कुटुंबांच्या, सहलीची सूचना वाचली. मुलीने आदल्या आठवड्यात आपल्या घरी सांगून टाकलं होतं की तिला हे लग्न करायचं नाही; निरोप त्या सकाळी फादरांपर्यंत पोचला, मिरांडांपर्यंत नाही. भांडण नाही, आरोप नाही, काही नाही. सगळं चर्च तिसऱ्या वेळची वाट बघत बसलं होतं, आणि आयरीन पुढच्या बाकावर नव्या कपड्यांत.

तेव्हापासून ॲड्रियन चर्चच्या आत गेला नाही. म्हणजे देवावर रागावला, असं नव्हे. दर रविवारी तो आईला स्कूटरवरून आणायचा, फाटकाशी सोडायचा आणि बाहेर पिंपळाखाली मोबाईल बघत थांबायचा. मिस्सा संपली की तिला घेऊन घरी. आयरीनने या विषयावर त्याला एक शब्द विचारला नाही. ज्या बाईने दुकानात भाव विचारला तरी गल्लीभर कळतं, तिचं हे गप्प बसणं आम्हा सगळ्यांना फार मोठ्याने ऐकू येत होतं.

मग नवे फादर आले. फादर ऑस्वल्ड वसईकडचे, वयाने तरुण, आणि उत्साह त्याहून तरुण. त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं की कन्फर्मेशन, म्हणजे शाळकरी वयातला श्रद्धा पक्की करायचा विधी, झालं की पोरं जी गायब होतात ती थेट लग्नाला उगवतात, मधली वर्षं चर्चकडे कुणीच नसतं. लहान मुलांसाठी संडे स्कूल आहे, म्हाताऱ्यांसाठी सोडॅलिटीचं भक्तिमंडळ आहे, विशी-तिशीतल्यांनी जायचं कुठे? त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करू या. जबाबदारी कोण घेईल?

फादरांचं वाक्य संपायच्या आत आयरीनचा हात वर होता. तिचं वय साठीच्या घरात, तरुणांशी संबंध म्हणजे त्यांना गॅलरीतून पाणी टाकू नका म्हणण्यापुरता. पण दुसरा हात वर झाला नाही. का झाला नाही ते सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या रविवारी तिने सूचना स्वतःच वाचली. लिहूनही तिनेच काढली होती: वय वीस ते पस्तीस, अविवाहित मुलगे-मुली, मिस्सेनंतर हॉलमध्ये, नाश्त्याची सोय आहे. ती सूचना तिने वाचली ती नेमकी बॅन्सच्या मागोमाग, त्याच माइकवरून. आता गावठाणातल्या म्हाताऱ्यांनी यातून काय समजायचं? पोरापोरींना नाश्त्याला एकत्र बसवतात, तेही अविवाहित, तेही चर्चच्या देखरेखीखाली. त्यांच्या मते चर्चने इतकं उपयोगी काम बऱ्याच वर्षांत हाती घेतलं नव्हतं.

पहिल्या सभेला आयरीनने पन्नासांचं रांधलं. पहाटे उठून फुगे तळले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे लग्नकार्यातले आंबवलेल्या पिठाचे गोळे, आतून पोकळ, वरून लाल. सोबत मटणाचा रस्सा. सभेला तरुण पाच-सात आले. त्यांच्या आत्या, मावश्या आणि आज्या हॉलभर आल्या. त्या मागच्या रांगांत बसल्या आणि पुढे बसलेल्यांची उंची डोळ्यांनी मोजू लागल्या. विठ्ठलवाडीहून एक मावशी भाचीचा फोटो पर्समध्ये घालून एक लोकल आणि दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. आयरीनने त्यांना परोपरीने समजावलं की हा आध्यात्मिक ग्रुप आहे. मावशी म्हणाल्या, असू दे की, आमची मुलगी आध्यात्मिकच आहे.

दुसऱ्या सभेला मुली आल्या नाहीत. मुलगे सेंट लावून आले. तिसऱ्या सभेला मुलगेही आटले. आयरीनने उपाय सुरू केले. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि पहाटे पाच वाजता गुलाबाच्या फुलासह बायबलचं वचन पाठवू लागली, कारखान्यात पहिली पाळी धरायची सवय म्हणून. नाश्ता आधी ठेवला तर पोरं खाऊन जात. प्रार्थना आधी ठेवली तर नाश्त्याच्या वेळेला येत. मग तिने नाश्त्याचं झाकलेलं पातेलं प्रार्थना संपेपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून बसायला सुरुवात केली. फादर ऑस्वल्ड म्हणाले, हे दृश्य पाहून आपल्याला पवित्र ग्रंथातलं काहीतरी आठवतंय, नक्की काय ते आठवत नाही.

आणि या सगळ्या वेळात ॲड्रियन बाहेर पिंपळाखाली.

चौथ्या सभेनंतर ती उरलेल्या फुग्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आली. मागे ॲड्रियन रश्श्याचं पातेलं धरून. मी नको म्हणाले, तिने ते ऐकलं नाही, पातेलं ओट्यावर गेलं. सभेला किती जण होते, मी विचारायला नको होतं, पण विचारलं. आयरीन म्हणाली, आज जरा कमी होते, परीक्षा आहेत ना.

ॲड्रियन म्हणाला, “मम्मी, तिशीतल्यांच्या कसल्या परीक्षा?”

तो पातेल्यावरचं झाकण नीट बसवत राहिला, मग म्हणाला, “एक सांग. हा ग्रुप कुणासाठी काढलायस?”

“पॅरिशच्या तरुणांसाठी.”

“टीचर, तुम्ही सांगा.”

मी चहा ठेवायला आत गेले. वर्गातून कधी बाहेर पडायचं हे शिक्षकाला कळतं. माझं स्वयंपाकघर मात्र लहान आहे, आणि त्या दिवशी आयरीनचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली होता की मला गॅस बारीक करावा लागला.

“सगळ्यांना माहितीये तू माझ्यासाठी काढलायस,” ॲड्रियन म्हणत होता. “मी त्या हॉलमध्ये पाय ठेवला ना, की टाळ्या वाजतील. मला तेच नकोय.”

“कोण वाजवेल टाळ्या?”

“तू.”

चहा घेऊन गेले तेव्हा दोघं दोन दिशांना बघत होती. चहा तिने घेतला, साखर कमी आहे म्हणाली, म्हणजे ठीक होती.

दुसऱ्या दिवशी ती फादरांकडे गेली आणि म्हणाली, माझ्याच्याने होत नाही, दुसरं कुणी बघा. हे तिनेच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. फादर ऑस्वल्डनी समजूत घातली नाही की आग्रह केला नाही. म्हणाले, बरं, काल कोण कोण आलं होतं तेवढं सांगा, मी पुढच्या माणसाला सांगून ठेवतो. ती म्हणाली, इलेन होती, फिजिओथेरपी करते ती. तिचा भाऊ की चुलतभाऊ होता, की-बोर्ड वाजवणारा. आणि तो एक चष्मेवाला.

“चष्मेवाल्याचं नाव?”

तिला आठवेना. गावठाणातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव ठाऊक असलेली बाई ती.

“प्रीतम,” फादर म्हणाले. “सगळ्या सभांना आलाय तो, आयरीनबाय. तुम्ही दर वेळी त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता.”

बस, एवढंच. ती घरी आली. दोन दिवस तिच्या घरातून काही ऐकू आलं नाही, आणि टॉवरमधल्या एकीने मला वाटेत थांबवून विचारलं की आंटी बऱ्या आहेत ना.

पुढच्या सभेला तिने आपली खुर्ची फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसली. पन्नासांचं रांधलं नाही. एक ताट पोहे केले. आणि प्रीतमला विचारलं, तू कुठला, काय करतोस, जेवतोस कुठे. ही तिची चौकशी सुपरवायझरच्या थाटाची असते, समोरच्याला वाटतं आपल्याकडून काहीतरी तुटलंय. पण प्रीतम बोलला. घर मूळचं कल्याणला, वडिलांच्या बदलीमुळे आमच्या पॅरिशमध्ये नवीन आलेला, वागळे इस्टेटमध्येच एका ऑफिसात रात्रपाळी, त्यामुळे रविवारी सकाळी सभेला येतो तो झोप सोडून. मग का येतोस, असं तिने सरळ विचारलं. तो म्हणाला, “आंटी, पाळी संपते तेव्हा सगळे झोपलेले असतात आणि मी उठतो तेव्हा सगळे कामावर. इथे माणसं जागी असतात.”

त्या सभेत प्रार्थनेला उशीर झाला. पोहे झाकायचे राहून गेले, गार झाले.

रविवारची सकाळ नको, हॉल नको, हे ठरवलं इलेनने. तिचं म्हणणं, हॉलमध्ये खुर्ची ओढली तरी परीक्षा द्यायला बसल्यासारखं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाशी जमू या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रिक्षास्टँडला लागून जुना क्रूस आहे. तिथे पूर्वी मे महिन्यात रोज लादीन व्हायची. एकाने संतांची नावं गायची, बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणून सूर धरायचा, आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे. अलीकडे दोन म्हाताऱ्या तेवढ्या जात, आणि त्यातली एक गायची, दुसरी उत्तर द्यायची. आयरीनला वाटलं पोरं थट्टा करताहेत. पण पोरांना चाल खरंच हवी होती. म्हाताऱ्यांनी शिकवली. पहिल्या शुक्रवारी पोरांनी ती अशी गायली की आयरीन मध्येच ओरडली, संतांना पळवून लावाल. रिक्षावाले हसले. चणे त्यांनाही मिळाले, म्हणून पुढच्या शुक्रवारी तेही शेवटच्या कडव्याला इंजिन बंद करून उभे राहिले.

क्रुसाला दार नाही, आत-बाहेर नाही. आईला न्यायला ॲड्रियन स्कूटर घेऊन यायचा तो रिक्षांच्या रांगेत थांबायचा. पूर्वी तिने त्याला तिथून हात करून बोलावलं असतं. आता ती चण्यांत मीठ बरोबर आहे का, ते बघत असायची. खरं बघायची की बघितल्यासारखं करायची, हे मी सांगू शकणार नाही. तिच्या मानेची शीर मात्र ताठ दिसायची.

एकदा प्रीतमची बाइक सुरू होईना. त्याने आजूबाजूला बघितलं, स्कूटरवर बसलेला माणूस दिसला, आणि सरळ जाऊन म्हणाला, बॉस, जरा धक्का मारतोस का. या पॅरिशमध्ये ॲड्रियनकडे न कळवळता, न अवघडता बघणारा तो पहिला माणूस, कारण त्याला काही माहीतच नव्हतं. तो नवीन होता. धक्का मारून झाला, प्लग काढून पुसून झाला, मग दोघं टपरीवर उभे राहिले. पुढे पुढे तर शुक्रवारी ॲड्रियन लवकर येऊ लागला, कारण प्रीतमला पाळीच्या आधी तेवढाच वेळ असे. लादीन चालू असली की तो बाजूला उभा. गात नसे. प्रीतमची पाण्याची बाटली तेवढी धरून उभा राही.

दरम्यान विठ्ठलवाडीच्या मावशींनी हार मानली नव्हती. त्यांनी पहिल्या सभेलाच चष्मेवाला मुलगा हेरून ठेवला होता आणि त्याच्या घरचा पत्ता फादरांकडून नव्हे, फुलवाल्याकडून काढला होता. प्रीतम आणि मावशींची भाची ऐश्वर्या भेटले, पुन्हा भेटले, आणि लग्न ठरलं. आयरीन आजही सांगते की ग्रुपचा आणि या लग्नाचा काडीचा संबंध नाही. मावशींनी मात्र तिला पेढे आणून दिले आणि आणखी एक भाची आहे म्हणून सांगितलं.

लग्न ठरलं म्हणजे बॅन्स आले. तोवर प्रीतमला कुणीतरी ॲड्रियनची हकीगत सांगितली होती. असल्या गोष्टी सांगणारं कुणीतरी असतंच. त्यावर प्रीतमने काय केलं, हे त्याने स्वतः मला सांगितलं. टपरीवर तो ॲड्रियनला म्हणाला, रविवारी माझं नाव वाचणार आहेत.

“ऐकलं.”

“मला एकट्याला नाही बसवत यार. तू ये.”

“आई-बाबा असतील ना तुझे.”

“ते रडतील. तू नाही रडणार.”

ॲड्रियनने चहाचा ग्लास खाली ठेवला. “गॅरंटी नाही,” तो म्हणाला.

हे आयरीनला ठाऊक नव्हतं. रविवारी पोरं मिस्सेत गाणार होती म्हणून इलेनने मला बोलावलं होतं. मी मागच्या बाकावर बसले होते, दाराजवळ बसायची माझी सवय. आयरीन नेहमीप्रमाणे पुढे. तिला फाटकाशी सोडून ॲड्रियन पिंपळाखाली गेला तो मी येताना पाहिला होता. मिस्सा अर्धी झाल्यावर बाजूच्या दारातून तो आणि प्रीतम आत आले आणि माझ्याच ओळीत टोकाला बसले. प्रीतमच्या शर्टाची इस्त्री घामाने गेली होती. ॲड्रियन समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होता, वर्गात प्रश्न विचारला जाऊ नये म्हणून मुलं बघतात तसा.

बायकांच्या ओळीतून बातमी पुढे सरकली. ती कशी सरकते हे बघण्यासारखं असतं: माना वळत नाहीत, कोपरं हलतात. शेवटचं कोपर आयरीनच्या बरगडीत गेलं. तिने मागे पाहिलं नाही. पुस्तक उघडलं, उलटं धरलं, सुलटं केलं, आणि त्यात बघत राहिली.

फादर ऑस्वल्डनी नावं वाचली. प्रीतम, अमक्यांचा मुलगा, या पॅरिशचा. ऐश्वर्या, तमक्यांची मुलगी, विठ्ठलवाडीची. या विवाहात कुणाला अडचण माहीत असेल तर... आणि ते थांबले, थांबायचंच असतं तेवढं. पंख्यांचा आवाज येत होता. ॲड्रियनने डोळे मिटले होते. त्याचा हात प्रीतमच्या पाठीवर होता. कोण कुणाला धरून होतं, ते मला त्या ओळीतून दिसत असूनही सांगता येत नाही. मग फादरांनी पुढची सूचना वाचली, पाण्याच्या टाकीच्या सफाईची, आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

बाहेर बायकांनी आयरीनला घेरलं. एक म्हणाली, बाय, आज ॲड्रियन आत दिसला. आयरीन म्हणाली, “अगं, प्रीतमच्या आईला भेट जाऊन. नाव त्यांच्या मुलाचं वाचलंय.” इतक्या बेफिकिरीने म्हणाली की मी तिच्या अभिनयाला पैकीच्या पैकी मार्क दिले असते, फक्त प्रार्थनेचं पुस्तक तिने पुन्हा उलटं धरलं नसतं तर.

ॲड्रियन आला. टाळ्या वाजल्या नाहीत. तो म्हणाला, “मम्मी, पुढच्या रविवारी प्रीतमला घेऊन येणार आहे मी. त्याची बाइक गॅरेजला आहे. तू रिक्षाने येशील ना?”

ती म्हणाली, बघते.

पुढच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. क्रुसाशेजारच्या रिक्षास्टँडवर आयरीन चांगले कपडे घालून उभी होती. पहिल्या रांगेतल्या रिक्षावाल्याला ती सांगत होती की बघा हो, दोन वर्षं सोडायला येत होता, आता मित्राला घेऊन जातो, आईला म्हणतो रिक्षाने ये, आजकालच्या मुलांना आईसाठी वेळच नाही. हे तिने त्याला सांगितलं, त्याच्या मागच्याला सांगितलं, आणि टॉवरच्या सातव्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वरून “काय झालं आंटी?” म्हणून विचारलं तेव्हा तिलाही सगळं पहिल्यापासून सांगितलं.